मास्तरांचा पटदीप

६ ऑक्टोबर, सोमवार

पुण्याहून फोन आला. अठरा जानेवारीच्या मैफलीत माझी नवी रचना घेणार. वीस मिनिटांची. दोन व्हायोलिन, एक व्हियोला, एक चेलो आणि मी माझा कॉम्प्युटर घेऊन. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी लिहिलेलं काहीतरी खरी माणसं खऱ्या वाद्यांवर वाजवणार. आजवर सगळं हार्ड डिस्कमध्ये पडून होतं, आणि ते ऐकणारा मी एकटाच.

फोनवर कीर्ती म्हणून बाई होत्या, कार्यक्रम त्याच ठरवतात. चांगल्या बोलल्या. शेवटी म्हणाल्या, "सोलापूरचे आहात ना तुम्ही? मग यंत्रमागांचे आवाज घ्या की त्यात. लोकांना आवडेल." बघतो म्हणालो आणि फोन ठेवल्यावर चिडलो. पुण्याच्या माणसाला कुणी सांगतं का, की तुमच्याकडच्या रिक्षांचे आवाज घ्या म्हणून? माग अजिबात घेणार नाही. ठरलं.

बायकोला, पायलला, तिच्या बँकेत फोन करून सांगितलं. "अरे वा! येताना रवा आणते, शिरा करू," म्हणाली. माझ्या संगीतावरचं तिचं मत नेहमी असं खाण्यातून येतं.

११ ऑक्टोबर

एक ओळ सुचली नाही. चनबसप्पांच्या चादरीच्या दुकानाची दिवाळीची जाहिरात सहाव्यांदा बदलून दिली. "सर, आजून जरा झगमग पायजे," म्हणतात. झगमग कुठल्या सुरात लिहितात ते विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. घंट्या वाढवल्या, खूश झाले.

१५ ऑक्टोबर

एक गोष्ट नक्की झाली. बाईचा आवाज हवा. गाणं नको, फक्त सूर. लांब, साधे, एकेक. ते तोडून, ताणून, एकमेकांवर चढवून मी त्यातून हवं ते करीन. माझ्या शिकवणीतल्या दोघींचे घेऊन पाहिले. दोघीही सा लावताना टीव्हीवरच्या स्पर्धेत असल्यासारख्या हसतात. ते हसू आवाजात ऐकू येतं.

जेवताना पायल म्हणाली, "बाबांच्या महादेवीअक्कांना विचार ना."

महादेवीअक्का म्हणजे बाबांची शिष्या. बाबा शाळेत संगीत शिकवायचे, अख्खं गाव त्यांना बसवराज मास्तर म्हणायचं. संध्याकाळी घरी सात-आठ जण शिकायला यायचे, त्यांत अक्का पहिल्या. लग्न झालं तशी शिकवणी सुटली. बाबा गेले तेव्हा भेटल्या होत्या, त्याला सहा वर्षं झाली. आता साठीला आल्या असतील. त्या वयाचा आवाज मला कसा चालेल? पण दुसरं कोण आहे?

१७ ऑक्टोबर

अक्कलकोट रोड एमआयडीसीत जाऊन आलो. अक्का टॉवेलच्या कारखान्यात घडीखात्यात आहेत. टॉवेल तपासायचा, डाग बघायचा, घडी घालायची. मला बघून हातातला टॉवेल तसाच धरून उभ्या राहिल्या.

"विरू? मास्तरांचा विरू? अय्यो, टक्कल पडलं की तुला!"

कशासाठी आलो ते सांगितलं. "मी आता गात न्हाय की," म्हणाल्या. गायचं नाहीये, फक्त सूर द्यायचे आहेत, असं मी समजावलं. मग म्हणाल्या, "दिवाळीच्या सुट्टीत येते. पर घसा बसलेला हाय, आधी सांगून ठिवते."

२६ ऑक्टोबर, रविवार

अक्का आल्या. ठेवणीतलं लुगडं नेसून, केसांत गजरा घालून. मला कळेना की एवढं कशाला. माझी खोली बघून हसल्या. आवाज घुमू नये म्हणून मी भिंतींना सगळीकडे चादरी टांगल्यात. "हितंबी चादरीच व्हय," म्हणाल्या.

चाळीस मिनिटं सूर घेतले. आवाज बसलेला अजिबात नाही. जाड, खरखरीत, पण सरळ. सा लावला की काठीसारखा उभा राहतो. मला हवं होतं त्याहून खूप चांगलं मिळालं.

संपल्यावर त्यांनी पदर नीट केला, मांडी बदलली आणि विचारलं, "आता गाऊ का?"

"नको अक्का, झालं. एवढं पुष्कळ आहे."

"बरं," म्हणाल्या. जरा वेळ बसून राहिल्या आणि मग पायलकडे स्वयंपाकघरात गेल्या. चहा, चिवडा, गप्पा. मी लगेच ऐकायला बसायचं म्हणून त्यांना रिक्षा करून दिली. माणसं काम झाल्यावर उगीच रेंगाळतात.

२९ ऑक्टोबर

आज जे सापडलं ते लगेच लिहून ठेवतो.

रविवारी मी रेकॉर्डर बंद करायला विसरलो होतो. दार उघडं होतं. सुरांनंतर भांड्यांचे आवाज आहेत, पायलचं हसणं आहे आणि मग अक्का गातात. स्वयंपाकघरात, चहा होईपर्यंत. पटदीप. शब्द हिंदी, विहिरीवर राहिलेल्या एकट्या घागरीचे. गाऊन झाल्यावर पायलला सांगतात, "ही मास्तरांनी सोता बांधलेली. मला दिलेली."

बाबांनी बंदिश बांधली होती, आणि मला माहीत नाही! चौदा वर्षं मी त्या घरात हार्मोनियमसमोर बसत होतो. मला कधी ऐकवली नाही. टॉवेलच्या घड्या घालणाऱ्या बाईला दिली.

पण त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. पटदीप रागात निषाद, म्हणजे नि, शुद्ध असतो. तो कोमल केला की राग मोडतो, त्याचा भीमपलास होतो. हे शाळेतल्या मुलांनाही माहीत असतं, कारण बाबाच ते शिकवायचे, छडी घेऊन. आणि इथे अंतऱ्यात, वर चढताना, ऐन जागी कोमल निषाद आहे. एकदाच. स्वच्छ. मी वीस वेळा ऐकलं. बाबांनी स्वतःचा नियम स्वतःच्या बंदिशीत मोडून ठेवलाय!

सोळाव्या वर्षी मी म्हणालो होतो की रागाच्या बाहेरही संगीत आहे, तेव्हा महिनाभर बोलले नव्हते. आणि मनातून ते माझ्यासारखेच होते. कुणाला सांगितलं नाही एवढंच.

रचना सापडली. सगळं त्या एका निषादावर उभं करायचं.

१६ नोव्हेंबर

अठरा दिवस झाले, डायरीला हात लावला नाही. काम चाललंय. पहिल्या अर्ध्यात अक्कांच्या तोडलेल्या सुरांचा ढग. अकराव्या मिनिटाला ढग विरतो आणि स्वयंपाकघरातलं गाणं जसंच्या तसं येतं. कोमल निषाद लागतो आणि चारही वाद्यं तो पकडतात, शेवटपर्यंत सोडत नाहीत. नऊ मिनिटं.

पायल म्हणाली, "अक्कांना विचारलंस का, ते गाणं घेतलंय म्हणून?" झाल्यावर सांगीन म्हणालो. आधी सांगून काय? त्यांना काय कळणार आहे यातलं?

७ डिसेंबर

हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाऊन आलो. पहिली तालीम. चेलोवाला घड्याळ बघत वाजवतो. पहिल्या व्हायोलिनने विचारलं की हे सगळं इतकं हळू का आहे. व्हियोला वाजवणारा शिवकुमार हा एकच माणूस लक्ष देऊन ऐकत होता. गाणं आलं तेव्हा मात्र चौघेही थांबले. कीर्तीबाई मागच्या खुर्चीवरून उठून पुढे आल्या.

"हा आवाज कुणाचा?"

"वडिलांच्या संग्रहातला आहे," असं माझ्या तोंडून गेलं. का गेलं माहीत नाही. लांबलचक सांगत बसायचा कंटाळा आला असेल.

"कमाल आहे," म्हणाल्या. माझ्या अकरा मिनिटांच्या ढगाबद्दल कुणी काही बोललं नाही. तो करायला तीन आठवडे लागले होते.

१० डिसेंबर

कार्यक्रमपत्रिकेसाठी टिपण पाठवलं. "माझे वडील बसवराज मास्तर यांनी पटदीपात जाणीवपूर्वक कोमल निषाद लावून जी बंडखोरी केली, तिला ही रचना वाहिली आहे." चांगलं वाक्य झालंय. पायलला वाचून दाखवलं. "बाबा आणि बंडखोरी?" म्हणाली आणि भाजी चिरत राहिली.

२७ डिसेंबर

कीर्तीबाईंनी तालमीतला दोन मिनिटांचा तुकडा इंटरनेटवर टाकलाय. अर्थात गाण्याचाच. हजारोंनी ऐकलाय. खाली लिहिलंय, "मास्तरांच्या संग्रहातला अज्ञात आवाज." लोक विचारतायत की ही गायिका कोण, हयात आहे का. रचनाकार कोण, असं एकानेही विचारलेलं नाही.

२ जानेवारी, शुक्रवार

अक्का आल्या होत्या. न कळवता, कामावरून थेट, साडीला सुताची लव चिकटलेली. घडीखात्यातल्या मुलींनी मोबाइलवर ऐकवलं म्हणे. "अक्का, हा तुमचा आवाज हाय की."

मी माफी मागायला सुरुवात केली. नाव घालतो म्हणालो, आजच कीर्तीबाईंना सांगतो. त्यांनी हात वर करून थांबवलं.

"नावाचं ऱ्हाऊ दे. नि चुकलाय की त्यात."

"कुठला नि?"

"अंतऱ्यातला. कोमल लागलाय. शुद्ध हाय तो. पायल म्हनली, अक्का दूध उतू चाललंय, तवा माझं लक्ष ग्येलं. आन तूबी तसंच लावलंस? सगळ्या जगाला?"

मी मूळ रेकॉर्डिंग लावलं. एवढ्या वेळा ऐकलं होतं. निषादाच्या अगदी आधी पायलचा आवाज आहे, "अक्का, दूध!" मी तो पहिल्याच दिवशी साफ करून टाकला होता. खरखर काढतात तसा.

मग तोंडाला येईल ते बोललो. म्हणालो, आजच्या संगीतात चुकीलाही किंमत असते, ती चूकच सुंदर आहे, सगळी रचना तिच्यावर उभी आहे.

"तुझ्या गान्यात ठिव की चूक," अक्का म्हणाल्या. "मास्तरांच्या का ठिवतोस? लोक म्हनतील, मास्तरला पटदीप येत नव्हता." मग हळू आवाजात, "मी इचारलं व्हतं तुला, गाऊ का म्हनून. तवा नीट गायले असते. तयारी करून आल्ते मी."

चहा घेतला नाही.

३ जानेवारी

बंडखोर वगैरे कुणी नव्हतं. दूध उतू चाललं होतं.

५ जानेवारी

दोन दिवस नऊ मिनिटं पुन्हा लिहायचा प्रयत्न केला. शुद्ध निषाद घातला की सगळं गोड होतं, माझं काही उरतच नाही. कोमल ठेवला की अक्कांचं तोंड दिसतं. पायलवर ओरडलो. ती म्हणाली, "माझ्यावर काय ओरडतोस? दूध मी उतू घालवलं नाही, गॅस बंद केला होता." आणि दार लावून बँकेत गेली.

दुपारी एमआयडीसीत गेलो. जेवणाची सुट्टी होती, अक्का भिंतीला टेकून भाकरी खात होत्या. म्हणालो, "पुण्याला चला. रेकॉर्डिंग काढून टाकतो. तुम्हीच गा तिथे. नीट."

त्यांनी घास गिळला. "स्टेजवर?"

"हो."

"किती लोक असत्याल?"

"तीनशे."

"तवा मास्तरांनी शाळंच्या हॉलमदी बसवलं व्हतं मला. एकदाच. मग लग्न झालं." भाकरीचा तुकडा डब्यात ठेवला. "येते की."

न राहवून विचारलं की बाबांनी मला ती का नाही दिली. अक्कांना प्रश्नच कळेना. "दिली न्हाय कशी? दोनदा हाक मारली तुला. तू आतल्या खोलीत कानाला ते गान्याचं यंत्र लावून बसल्यालास. मग म्हनले, महादेवी, तू घे."

९ जानेवारी

कीर्तीबाई नाखूश आहेत. आठवडा राहिलाय, पत्रिका छापून झाली, हौशी बाई ऐनवेळी घाबरली तर काय. आणि जुन्या रेकॉर्डिंगची मजा वेगळी होती म्हणे. तेव्हा खरं सांगून टाकलं. संग्रह वगैरे नाही, माझ्या स्वयंपाकघरातलं आहे. मग, "बरं, आणा त्यांना," एवढंच.

चारही वाद्यांचे आणि माझ्या कॉम्प्युटरचे कोमल निषाद तसेच ठेवलेत. अक्का शुद्ध गातील, वाद्यं कोमल धरतील. दोन्ही आपापल्या जागी. हे धाडसाचं आहे असं मी स्वतःला सांगतोय. खरं तर बदलायला वेळ नाही, आणि बदलायचंही नाही. ती नऊ मिनिटं माझी आहेत.

१४ जानेवारी

सिद्धेश्वराची, गड्ड्याची यात्रा. सगळं सोलापूर रस्त्यावर. अक्का सोळापर्यंत मिळणार नाहीत, त्यांच्या घरी देवाच्या काठ्यांच्या मिरवणुकीची गडबड. पटदीप एकदा तरी म्हणून दाखवा, असं सांगायला त्यांच्या शेजारणीच्या मोबाइलवर फोन केला. मागून हलग्यांचा आवाज. "रोज म्हनते की! घड्या घालताना!" एवढं ओरडून फोन ठेवला.

१७ जानेवारी, पुणे

तालीम वाईट झाली. अक्का पहिल्यांदाच पुण्यात. माईक तोंडाशी नेला की मागे सरकतात. निषादाच्या जागी आल्या, शुद्ध लावला, चारही वाद्यं कोमलवर. चेलोवाला थांबला. "सर, हे भांडतंय."

"भांडू दे," मी म्हणालो.

शिवकुमारने अक्कांना पाणी आणून दिलं, कानडीतून काहीतरी विचारलं, दोघं बराच वेळ बोलत बसले. मी स्पीकरच्या मागे वायरी बघत होतो.

१९ जानेवारी, सोमवार

काल झालं. जसं झालं तसं लिहितो.

हॉल भरला होता. पहिली अकरा मिनिटं बरी गेली. समोरचे एक आजोबा ढगात झोपले. ढग विरला, अक्का उभ्या राहिल्या आणि माईकपासून दोन पावलं मागे जाऊन गायल्या. नीट. स्वयंपाकघरात गायल्या होत्या ते गुणगुणणं होतं, हे कालच कळलं. अंतरा आला. निषाद लावला, शुद्ध, आणि त्यावर थांबल्या. खाली चारही वाद्यं कोमलवर. हॉल अस्वस्थ झाला, खुर्च्या वाजल्या. अक्कांना पुढे जायचं होतं, पण गेल्या नाहीत. मान वळवून शिवकुमारकडे बघितलं. रागाने नाही. घडीत डाग दिसल्यावर टॉवेलकडे बघतात तसं.

शिवकुमारचं बोट सरकलं. व्हियोला शुद्धावर आली. मग दुसरं व्हायोलिन, मग पहिलं. चेलोवाल्याने माझ्याकडे बघितलं, मी काही खूण करायच्या आत तोही गेला.

उरला फक्त माझा कॉम्प्युटर. मोठ्या स्पीकरमधून कोमल निषाद, एकटा, तीनशे माणसांसमोर. तो तसा ठेवायचा हक्क मला होता. रचना माझी होती. बोट आवाज कमी-जास्त करायच्या पट्टीवर होतं. अक्का अजून थांबलेल्या. त्या माझी वाट बघतायत हे मला तेव्हा कळलं. त्यांना श्वास किती पुरणार?

मी पट्टी शून्यापर्यंत खाली ओढली. कुणी सांगितलं नाही, मीच ओढली.

मग पुढे बाबांची बंदिश झाली. पूर्ण. अक्का वरच्या सुरांवरून खाली येताना मला आमच्या जुन्या घरातली बाबांची बैठक दिसली, आणि बाकीचं मला नीट ऐकू आलं नाही. नऊ मिनिटांचं जे लिहिलं होतं ते कुणी वाजवलंच नाही. टाळ्या खूप वाजल्या. अक्कांनी दोन्ही हात जोडून सगळ्यात आधी शिवकुमारला नमस्कार केला.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसलो. चिडलो होतो की नव्हतो, मला सांगता येत नाही. दौंडच्या पुढे अक्का झोपल्या.

२४ जानेवारी

कीर्तीबाईंचा मेल. मार्चमध्ये एका घरगुती बैठकीला महादेवीअक्कांना बोलवायचंय. दीड तास, तबला आणि हार्मोनियमच्या साथीने. "इलेक्ट्रॉनिक नको, साधंच ठेवू. त्यांच्याकडे मोबाइल नाही, तेवढा निरोप द्याल का?"

देईन. बघू.

२८ जानेवारी

चार दिवस निरोप दिला नाही. विसरलो असं पायलला सांगितलं. ती म्हणाली, "तू विसरत नाहीस," आणि चपात्या लाटत राहिली.

आज गेलो. घडीखात्यात मोठी ऑर्डर होती, अक्कांनी हात थांबवले नाहीत. उभ्या उभ्याच सांगितलं. दीड तास, एकट्या, साथीला तबला-पेटी.

"एकटीला? तू न्हाईस त्यात?"

"मला नाही बोलावलं."

अक्कांनी आणखी दोन टॉवेल घडी करून थप्पीवर ठेवले. तिसरा हातात घेतला आणि तसाच धरून राहिल्या.

"मग माईक कोन लावनार?"

"तिथे त्यांची माणसं असतात, अक्का."

"असू देत की. मला ती कुटं वळखीची हायत? तू लाव. आन लावून झालं की समोर यिऊन बस. मास्तरांच्या घरचं कोन तर समोर बसलेलं पायजे, त्याबिगर मी गानार न्हाय."

मी संगीतकार आहे अक्का, माईक लावणारा नाही. हे म्हणायला तोंड उघडलं. बाहेर आलं ते, "किती वाजता निघायचं?"